अंगठा आधी का पाणी?

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडला, विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या खानावळीत. जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि स्टीलच्या ताटांवर नाव कोरायच्या तयारीत होते. अहमदपूरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. वसतिगृहाच्या ताटांची ऑर्डर त्यांना मिळाली होती, आणि ताटं पाय फुटल्यासारखी गायब होतात म्हणून प्रत्येकावर नाव घालायचं ठरलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी. मी संशोधन विभागातला कक्ष अधिकारी. खानावळीशी माझा संबंध चारच्या चहापुरता. कप हातात घेऊन उभा होतो, तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "साहेब, ह्ये नाव पक्कं हाय ना?"

कागदावर लिहून दिलंय म्हणजे पक्कंच असणार, असं मी म्हणालो.

"तुमी लिवून दिलं का दुसऱ्यानं?"

"दुसऱ्यानं."

"मंग त्याला बोलवा. दोनदा विचारल्याबिगर मी मशीन टेकवत न्हाई. कोरलेलं वापस येत न्हाई."

मला जरा रागच आला. तरी वसतिगृहाच्या अधीक्षकाला बोलावणं धाडलं. ते डुलकी मोडल्याच्या तोंडानं आले, कागद पाहिला आणि खजील झाले. वसतिगृहाचं नाव मागच्याच महिन्यात बदललं होतं. कागदावर जुनंच गेलं होतं.  नवं नाव अप्पांनी अधीक्षकाच्या हातानं लिहून घेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मशीन चालू केलं.

हा माणूस माझ्या ध्यानात राहिला, आणि पुढं कामाला आला.

काम असं होतं. विद्यापीठात माणसांवर काहीही संशोधन करायचं म्हटलं, मग रक्त घ्यायचं असो, औषध द्यायचं असो की नुसते प्रश्न विचारायचे असोत, तर ते आधी नैतिकता समितीपुढं ठेवावं लागतं. ज्यांच्यावर संशोधन होणार त्यांना नीट समजावून सांगितलं का, त्यांनी मनापासून हो म्हटलं का, त्यांना काही इजा तर होणार नाही ना, एवढं बघणं हे समितीचं काम. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, प्राध्यापक तर पोत्यानं असतात. पण नियम असा की एक माणूस साधा पाहिजे. शास्त्रातला नाही, विद्यापीठाचा नोकर नाही, असा बाहेरचा कुणी. तो हजर नसेल तर बैठक होत नाही.

आता नांदेडमध्ये साधी माणसं काही कमी नाहीत. पण विद्यापीठाला साधा माणूस शोधायला सांगितला की विद्यापीठ निवृत्त प्राचार्य शोधतं. आमचे पहिले साधे सदस्य तसेच होते. बैठकीत स्वतःच्या जुन्या संशोधनाबद्दल तासभर बोलायचे. मग ते पुण्याला लेकाकडं राहायला गेले आणि आमच्या बैठका ठप्प झाल्या. टेबलावर फायलींचा ढीग, रोज कुणीतरी संशोधक विद्यार्थी दारात उभा. वैतागून मी अप्पांचं नाव सुचवलं. कुणी विरोध केला नाही, कारण दुसरं नाव कुणाकडं नव्हतं.

पत्र मिळाल्यावर अप्पांनी फोन केला. "मला ह्यातलं काय कळतंय म्हणून बोलवून राहिलेत?"

"काही कळत नाही म्हणूनच, अप्पा."

"ह्ये जमंल," ते म्हणाले.

बैठकीच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघायचे. समितीचं जेवण घेत नसत. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आणायचे आणि आमच्या शिपायाला, गंगाधरला, सोबत बसवून खायचे. हजेरीच्या कागदावर सुरुवातीला सही करत नसत. बैठक संपल्यावर करायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आधीच हजर कसं म्हणू? मधीच डोळा लागला तर?" आमच्यातल्या निम्म्या लोकांनी हा नियम पाळला असता तर हजेरीपट कोरेच राहिले असते.

पहिल्याच बैठकीत त्यांनी गंगाधरला धरलं. कुठल्याशा अभ्यासाचं संमतीपत्र समोर होतं. म्हणजे ज्याच्यावर अभ्यास करायचा त्यानं वाचून सही करायचा कागद. दोन पानं भरून मजकूर, वाक्याला शेवट नाही. गंगाधर चहा घेऊन आत आला. अप्पांनी त्याला खुर्चीवर बसायला लावलं. गंगाधर पाच वर्षांत निवृत्त होणार होता आणि त्या खोलीतल्या खुर्चीवर आजवर कधी बसला नव्हता, त्यामुळं तो कडेला टेकला. अप्पांनी अख्खं पत्र सावकाश वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय कळलं, सांग."

गंगाधरनं आमच्या अध्यक्षबाईंकडं पाहिलं. त्या मोठ्या डॉक्टर, निवृत्त झालेल्या, कडक. मग तो हळूच म्हणाला, "खाली सही करायची, एवढं कळलं."

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. पत्र परत गेलं, साध्या भाषेत लिहून आणा म्हणून. त्या दिवसापासून तोच पायंडा पडला. कुठलंही संमतीपत्र आलं की गंगाधर खुर्चीवर. त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर पुढं, नाही तर माघारी. काही प्राध्यापक आधीच गंगाधरला गाठून पढवायला लागले. अप्पांना ते कळलं तेव्हा त्यांनी गंगाधरला काही बैठकांपुरती सुट्टी दिली आणि बागेतल्या माळीणबाईंना आत बोलावलं.

त्यांचा एक शब्द ठरलेला. "विचारलं का त्यांला?" संशोधक तास तास बोलायचा, आकडे दाखवायचा, पडद्यावर चित्रं फिरवायचा. सगळं झालं की दाराजवळच्या खुर्चीतून आवाज यायचा. विचारलं का त्यांला? मी एकदा अहमदपूरला कामानं गेलो होतो, तर त्यांच्या दुकानी गेलो. आतून काकू चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, काकू, तुमच्या मालकांनी विद्यापीठाला विचारून विचारून बेजार केलंय. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात मला कुणीच विचारलं न्हवतं. त्याची भरपाई करून राहिलेत."

"मला तरी कुणी विचारलं होतं?" अप्पा परातीवरची धूळ पुसत म्हणाले.

मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते. हुशार, आणि ते त्यांना स्वतःला चांगलंच ठाऊक. वसतिगृहातल्या मुलींच्या मनावरच्या ताणाचा अभ्यास करणार होते. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली. पत्र सोपं होतं, माळीणबाईंना कळलं. आम्ही मंजूर म्हणणार, तेवढ्यात अप्पांनी प्रश्नावली मागून घेतली आणि त्या प्राध्यापकांच्याच पुढं ठेवली. "ह्ये आधी तुमी भरा."

ते हसले. "आत्ता?"

"आमी थांबतो की. आमाला कुठं जायचंय?"

त्यांनी पेन काढलं आणि झरझर भरायला घेतलं. आठ प्रश्नांपर्यंत हात थांबला नाही. नववा प्रश्न असा होता, की वडिलांनी आईवर हात उगारलेला तुम्ही पाहिला आहे का, आणि किती वेळा. तिथं पेन थांबलं. आम्ही सगळे बघत होतो आणि बघू नये असं वाटत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हा प्रश्न काढून टाकतो."

"काढू नका," अप्पा म्हणाले. आवाज एकदम मऊ होता. "कामाचा असंल तर ठेवा. पर पोरींना आधी सांगा की असं बी विचारणार हाय. आन् नको वाटलं तर उठून जायचं, कुणी काय म्हणणार न्हाई."

ते प्राध्यापक पुढं अप्पांना फार मानायला लागले. बसस्टँडवर सोडायला स्वतःची गाडी काढायचे. अप्पा बसत नसत. शहर बसनंच जायचे.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तो. आमच्याकडं नांदेडला गोदावरीचं पात्र वाळवंट झालं होतं आणि खेड्यांत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. भांड्यांच्या दुकानात एरवी लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते, त्या वर्षी लोक फक्त घागरी आणि प्लास्टिकचे ड्रम विचारायला यायचे. त्यातच नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती. लातूर तोडून उदगीर जिल्हा होणार, अहमदपूर त्यात जाणार, मग सगळी कार्यालयं जवळ येणार, पाणी येणार. जिल्हा झाला की पाऊससुद्धा वेळेवर पडेल, इथपर्यंत लोक बोलायचे. बाजारात सह्यांची मोहीम सुरू झाली.

अप्पांच्या दुकानी चार जण सह्यांचे कागद घेऊन आले. अप्पांनी कागद उलटसुलट केले. नुसत्या रेघा आणि सह्या. "वरचा कागद कुठं हाय? मागणी लिवलेला?"

"तो नंतर जोडणार अप्पा, तुम्ही करा सही."

"मंग मी बी नंतर करतो."

झालं. अप्पा जिल्ह्याच्या विरोधात आहेत अशी हाकाटी झाली. शेजारचे दुकानदार आठ दिवस बोलेनात. अप्पांना खरं तर जिल्हा हवा होता, मला त्यांनी फोनवर तसं सांगितलंही होतं. शेवटी ते चौघं मागणीचा कागद लिहून घेऊन आले. अप्पांनी तो दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा वाचला आणि सही केली. मला हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना हसत होते. पण त्या आठ दिवसांचा त्यांना त्रास झाला होता. बाजारात जन्म काढलेल्या माणसाला शेजाऱ्यानं तोंड फिरवणं सोपं जात नाही.

आता संगीताबद्दल सांगायचं.

संगीता कंधारकडची. वडिलांचं स्टँडजवळ शिलाईचं मशीन. घरातली पहिली पदवीधर, आणि आता पीएच.डी. करत होती. दुष्काळात विहिरी आटल्या की लोक पाचसहाशे फूट खालचं बोअरचं पाणी पितात. त्या पाण्यानं बायकांच्या रक्तात काय बिघाड होतो, हा तिचा विषय. चांगला विषय होता, लोकांच्या कामाचा. तिची फेलोशिप त्या उन्हाळ्यात संपत होती. एका महाविद्यालयात जागा निघाली होती आणि प्रबंध दिलेला असल्याशिवाय अर्ज करता येणार नव्हता. तिच्या मार्गदर्शकांनी सांगून ठेवलं होतं, निदान ऐंशी बायकांचं रक्त पाहिजे, त्याखाली प्रबंध उभा राहत नाही. तिचं संमतीपत्र आम्हीच मंजूर केलं होतं. गंगाधरला पहिल्या झटक्यात कळलेलं ते एकमेव पत्र. अप्पांनी तिला शाबासकी दिली होती.

दोन महिन्यांनी ती कामाचा अहवाल घेऊन समितीपुढं आली. एक्याण्णव बायकांचे अंगठे आणि एक्याण्णव बायकांचं रक्त. तेही एका दिवसात. चेहरा उजळलेला. अध्यक्षबाईंनीही मान डोलावली.

अप्पांनी विचारलं, "एका दिवसात येवढ्या बाया कुठं गावल्या, माय?"

"टँकरपाशी, अप्पा. एरवी कुणी रानात, कुणी कुठं. टँकर आला की सगळ्या एका जागी असतात."

यात तिचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. त्या वर्षी सगळेच तसं करायचे. पोलिओवाले, बँकवाले, मतदार यादीवाले, सगळे टँकरचा दिवस बघून गावात जायचे.

अप्पांनी अंगठ्यांच्या कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अंगठा आधी का पाणी?"

"म्हणजे?"

"अंगठा आधी घेतला, का पाणी आधी मिळालं त्यांला?"

संगीतानं सरळ सांगितलं. रांगेतच घेतला. ग्रामसेवक तिथं यादी घेऊन उभे होते, त्यांनीच मदत केली. बायकांना म्हणत होते, अंगठा द्या, शाळेत रक्त द्या, पुढं चला. सांगता सांगता तिचा आवाज उतरत गेला. आपण काय सांगतोय ते तिलाच ऐकू यायला लागलं होतं.

"त्या बायांना वाटलं असंल, अंगठा न्हाई तर पाणी न्हाई," अप्पा म्हणाले.

"मी पत्र वाचून दाखवलं होतं, अप्पा. प्रत्येकीला."

"दाखवलं असशील की. घागर खाली ठिवून कोण ऐकंल?"

त्यानंतर तासभर वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, झालं ते झालं, सुईनं कुणी मेलं नाही, पुढच्या वेळी काळजी घ्या. मी सदस्य नव्हतो, मला बोलायचा अधिकार नव्हता, पण मी बोललो. म्हणालो, अप्पा, पोरीचं वर्ष जाईल. तुम्ही कुणाचं भलं करताय? मला खरंच राग आला होता. शिलाई मशीनवाल्याची पोर इथवर आली, आणि एका भांडेवाल्याच्या प्रश्नानं तिचं सगळं पाण्यात जाणार, हे मला बघवेना.

अप्पा माझ्यावर चिडले नाहीत. अध्यक्षबाईंना म्हणाले, "मॅडम, चूक माझी हाय. लिवून घ्या तसं. मी कागद कसा हाय ते विचारलं, कागद कुठं वाचणार ते विचारलंच न्हाई. पोरीला मीच शाबास म्हणलो." मग संगीताकडं वळले. "त्यांला परत विचारू. टँकर नसंल त्या दिवशी. मी येतो संगं."

"आणि नाही म्हणाल्या तर?" ती म्हणाली.

"तर न्हाई म्हणतील."

ठराव झाला. सगळे अंगठे रद्द. रक्ताच्या नळ्या फ्रिजमध्ये तशाच. ज्या हो म्हणतील त्यांच्याच वापरायच्या, बाकीच्या नष्ट. इतिवृत्तात मी अप्पांची चूक त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिली. समितीच्या इतिवृत्तात कुणी स्वतःची चूक लिहून घेतल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

ठरलेल्या दिवशी लोह्याला एकत्र होऊन अप्पा, संगीता आणि मी त्या गावच्या फाट्यावर उतरलो. फाट्यापासून गाव अर्ध्या कोसावर. वैशाखाचं ऊन. अप्पांच्या खांद्याला पिशवी आणि हातात पाण्याचा कॅन, अहमदपूरहून भरून आणलेला. गावात कुणी तांब्या पुढं केला तर ते हात जोडायचे आणि कॅन दाखवायचे. महादेवाच्या देवळाच्या ओसरीत सतरंजी घातली होती. ग्रामसेवक होते. अप्पांना मधोमध बसवलं. बायका यायला लागल्या.

संगीता एकेकीला समजावून सांगायची. पाण्याशी याचा संबंध नाही, हो म्हणा किंवा नाही म्हणा, टँकर येणारच. मग विचारायची, तुमचं रक्त वापरू का? हाव, बाई म्हणायची. पुढची. हाव. दहा झाल्या, बारा झाल्या. सगळ्या हाव. संगीताच्या चेहऱ्यावर जीव आला. मीही सुटकेचा श्वास टाकला आणि मनात म्हणालो, बघा, उगाच एवढा घोळ घातला.

मग गयाबाई नावाची एक म्हातारी आली. पत्र ऐकलं. हाव म्हणाली. अप्पांनी सहज विचारलं, "मावशे, हाव कामून म्हणलीस?"

"आता काय सांगावं," ती म्हणाली. "तुमच्यासारकं देवमाणूस उनातानात आमच्या दारी आलं. न्हाई कसं म्हणावं?"

अप्पांचा चेहरा पडला. दुसरा शब्द नाही त्याला. ते उठले, चपला घातल्या, पिशवी उचलली. ग्रामसेवकांना म्हणाले, "चला साहेब." मला म्हणाले, "तुमी बी चला. आपलं कुणाचंच इथं काम न्हाई." संगीताला म्हणाले, "माय, ह्या तेरा जणींना बी परत विचार. एकेकीला. गयामावशीपासनं सुरू कर."

"मी एकटीनं?"

"तुला न्हाई म्हणू शकतील त्या. मला न्हाई म्हणता यायचं न्हाई त्यांला."

आम्ही फाट्यावर आलो. ग्रामसेवक त्यांच्या मोटरसायकलवर निघून गेले. फाट्यावर एक बाभळ होती, सावली म्हणायला तिच्याखाली होती. अप्पा दगडावर बसले, गावाकडं पाठ करून. मी म्हणालो, तिकडं तोंड करून बसा की, वारा आहे तिकडून. "नको. कुणी बघितलं तर वाटंल वाट बघून राहिलाय," ते म्हणाले.

दोन तास गेले. कॅनमधलं पाणी गरम झालं होतं. माझ्या मनात जे घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "अप्पा, तिथं आता कुणी नाही. ती एकटी आहे, वही तिची, पेन तिचं. अर्ध्या बायांना लिहिता येत नाही. तिनं सगळ्या हाव लिहून आणल्या तर तुम्हाला, मला, समितीला काय कळणार?"



"मी बी त्योच विचार करून राहिलो," अप्पा म्हणाले.

"मग?"

"मंग काय न्हाई. तिलाच ठाऊक."

सोळा वर्षं मी संशोधन विभागात होतो. अर्ज, परवानग्या, शिक्के, ठराव, तपासण्या, सगळं माझ्या हातून गेलं. त्या दिवशी त्या बाभळीखाली मला पहिल्यांदा कळलं की आमच्या शिक्क्यापलीकडं एक जागा असते आणि तिथं आमच्यातलं कुणी नसतं. मला त्या पोरीची भीती वाटली आणि दयाही आली. तिच्या जागी मी असतो तर काय लिहिलं असतं, ते मी इथं सांगणार नाही.

ऊन कलल्यावर ती येताना दिसली. वही छातीशी धरलेली, पदर डोक्यावर. मी उठून उभा राहिलो. अप्पा बसूनच होते.

"किती?" मी विचारलं.

"सोळा जणी नाही म्हणाल्या, सर."

मी मनात वजाबाकी केली. पंच्याहत्तर. पाच कमी. अप्पांनीही केली असणार, कारण त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"गयामावशी?" त्यांनी विचारलं.

"त्या पहिल्याच. तुम्ही देवळाच्या आड गेलात तशा म्हणाल्या, सुई टोचल्यावर दोन दिवस हात दुखला, घागर उचलवेना. माझं नाव नको तुमच्या वहीत." संगीता दगडाच्या कडेला बसली. "मग बाकीच्या बोलायला लागल्या. एकीच्या नवऱ्यानं मारलं होतं, कुणाला विचारून रक्त दिलंस म्हणून. मला कुणी सांगितलंच नव्हतं यातलं."

अप्पांचे डोळे भरून आले. "तुझं वर्ष गेलं की गं माय, माझ्यापायी."

"गेलं, अप्पा," ती म्हणाली. रडत नव्हती. तिनं वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "पण बघून घ्या. सगळं लिहिलंय."

त्यांनी वही उघडली नाही. गाडी येईपर्यंत दोन्ही हात वहीवर ठेवून बसले. 

पुढचं थोडक्यात सांगतो. सोळा नळ्या नष्ट केल्याच्या कागदावर सही माझी आहे. संगीतानं दुसऱ्या गावात जाऊन, टँकरचा दिवस टाळून, उरलेल्या बायका मिळवल्या. तोवर ती जागा भरली गेली. प्रबंध वर्षानं झाला, नोकरी त्यानंतर दोन वर्षांनी. अप्पांची समितीवरची मुदत आम्ही त्या गावाला जाऊन आलो त्याच महिन्यात संपली. ते परत आले नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात अहमदपूरलाच वारले. मला चार दिवसांनी कळलं. काकूंना भेटायला जायचं राहूनच गेलं, त्याचं वाईट वाटतं.

म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन ते त्या दिवशीचंच. लोह्याला त्यांना अहमदपूरची गाडी धरायची होती, आम्हाला तसंच नांदेडला जायचं होतं. वाटभर वही त्यांच्याच मांडीवर होती. लोह्याला उतरताना त्यांनी ती संगीताच्या हातात दिली आणि खाली उतरले. मला वाटलं, आता पलीकडच्या फलाटाकडं जातील. पण ते आमच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. सत्तरी उलटलेला तो माणूस त्या पंचविशीतल्या पोरीपुढं हात जोडून, मान खाली घालून उभा होता. संगीता गडबडली, अप्पा असं काय करताय, म्हणत खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचे हात सोडवायला लागली. तिचा हात तिथवर पोचत नव्हता. गाडी हलली तरी ते तसेच उभे होते.